वर्गात एका मुलाची रोज टिंगल होते आणि बाकीची मुले गप्प बसतात. त्यांना बोलते कसे करावे?

तुम्ही लिहिले आहे की तुमच्या सातवीच्या वर्गात खेड्यातून आलेल्या एका मुलाच्या बोलीवरून तीन-चार मुले रोज त्याची नक्कल करतात, आणि उरलेली मुले स्वभावाने चांगली असूनही नुसती पाहत राहतात. मी बरीच वर्षे सहावी ते आठवीच्या वर्गांना शिकवत आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, या वयाच्या मुलांकडून धिटाईने पुढे येण्याची अपेक्षा सुरुवातीलाच ठेवू नये. आधी त्यांचे हसणे थांबेल असे पाहावे.

फिनलंडमधील संशोधक क्रिस्टिना साल्मिवाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये सहावीच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्रास देणारा आणि त्रास सोसणारा यांच्याखेरीज साथ देणारे, हसून उत्तेजन देणारे, बाजूला राहणारे आणि पाठीशी उभे राहणारे असेही गट वर्गात असतात, असे त्यांनी त्यात दाखवले. नक्कल करणाऱ्या मुलाला हवे असते ते हसू, आणि ते त्याला हसून उत्तेजन देणाऱ्या गटाकडून मिळते. कॅनडात टोरांटोच्या शाळांमधील मैदानांवर केलेल्या चित्रीकरणाचा अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात छळाच्या 88 टक्के प्रसंगी इतर मुले हजर होती, पण ती मध्ये पडली ती केवळ 19 टक्के प्रसंगी. तरीही जेव्हा कोणी मध्ये पडले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा तो प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला. त्यामुळे मुलांना मोठे काही करावे लागत नाही, हे त्यांना सांगण्यासारखे आहे.

मुले गप्प का बसतात, याची कारणे त्यांनाच विचारावीत, पण नाव न लिहिता चिठ्ठीवर. ‘कोणाची टिंगल होताना तुम्हाला कसे वाटते?’ एवढाच प्रश्न द्यावा आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून उत्तरे स्वतः वाचून दाखवावीत. त्या मुलाचा किंवा त्याच्या बोलीचा उल्लेख मात्र कोठेही येऊ देऊ नये. ‘आपल्याला एकट्यालाच हे आवडत नाही, बाकी सगळ्यांना गंमत वाटते’, असा प्रत्येकाचा समज असतो आणि तो या वाचनाने ढासळतो. माझ्या वर्गांत एवढ्यानेच हसण्याचा आवाज बराच कमी झाला, हे मी पाहिले आहे. दुसरे कारण म्हणजे उद्या आपलाच नंबर लागेल ही भीती. ती खरी असते आणि ‘घाबरू नका’ म्हणून जात नाही.

म्हणून मुलांना बोलायला लहान वाक्ये द्यावीत आणि एखाद्या तासिकेला छोट्या नाटुकलीतून त्यांचा सराव करून घ्यावा: ‘ए, बास झालं आता’, ‘सोड ना त्याला’, किंवा भांडणाकडे लक्षच न देता ‘चल, डबा खायला ये आमच्यात’. हे शेवटचे वाक्य सर्वांत सोपे आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी, कारण त्यात कोणाला आव्हान द्यावे लागत नाही आणि तो मुलगा एकटाही राहत नाही. ज्यांचे वर्गात ऐकले जाते अशा दोन-चार मुलांना बाजूला बोलावून त्याला सोबत देण्याची विनंती करावी. फिनलंडच्या ‘किवा’ या छळ रोखण्यासाठीच्या शालेय कार्यक्रमातही असेच केले जाते. हे काम मॉनिटरवर सोपवू नये, कारण त्याचे बोलणे शिक्षकांचेच समजले जाते.

कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात 2007 मध्ये गुलाबी शर्टावरून नववीतील मुलाला छळले गेले, तेव्हा दोन विद्यार्थ्यांनी पन्नास गुलाबी शर्ट आणून इतरांना घालायला दिले, ही गोष्ट शाळांत कौतुकाने सांगितली जाते. ती जरूर सांगावी, परंतु ते दोघे बारावीत होते, शाळेत मोठे होते, हेही सांगावे. नाहीतर सातवीतील मूल त्या मापाने स्वतःला मोजून आणखीच मुके होते. मारहाण किंवा पैसे हिसकावणे चालू असेल, तर मुलांनी मध्ये न पडता धावत जाऊन मोठ्या माणसाला बोलवावे. शाळेत ऐकणारे कोणीच नसेल, तर 1098 ही बालकांची हेल्पलाइन आहे, हेही त्यांना ठाऊक असावे.

सांगायला आलेल्या मुलाचे नाव वर्गात घेतले गेले, तर त्यानंतर वर्षभर कोणी काही सांगणार नाही. तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दारासमोर, सर्वांच्या नजरेत टांगलेली असेल, तर तीही रिकामीच राहते. शिवाय आपण स्वतः त्या मुलाला भर वर्गात ‘शुद्ध बोल’ असे म्हणत नाही ना, हे एकदा तपासावे. शिक्षकांनी बोलीला नाक मुरडले की टिंगलीला परवानाच मिळतो.

राहिले पालक. ‘तू कशाला मध्ये पडतोस, आपला अभ्यास कर’ हे वाक्य बहुतेक मुलांनी घरी ऐकलेले असते, आणि वर्गात कितीही सराव घेतला तरी ते वरचढ ठरते. येत्या पालकसभेत गुणपत्रिका वाटण्याआधी हा विषय काढावा, कारण गुणपत्रिका हातात पडल्यावर पुढचे कोणी ऐकत नाही.