मार्क ट्वेनने रंगवलेला तुर्की मुलूख कितपत खरा?

अमेरिकन विनोदी लेखक मार्क ट्वेनचं ‘द इनोसन्ट्स अब्रॉड’ हे प्रवासवर्णन वाचून ऑटोमन काळातलं, म्हणजे तुर्की सुलतानांच्या साम्राज्यातलं जगणं कळेल का, असं तुम्ही विचारलंय. कळेल, पण पानं निवडून वाचावी लागतील. मी एवढंच पाहतो: जे ट्वेनच्या स्वतःच्या अंगाला लागलं ते खरं धरायचं, आणि तिथल्या माणसांवर त्याने जे शेरे मारलेत ते सोडून द्यायचे.

१८६७ साली ‘क्वेकर सिटी’ बोटीतून अमेरिकन प्रवाशांचा जथा निघाला. माणशी भाडं १,२५० डॉलर. ट्वेनचे पैसे सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वर्तमानपत्राने भरले, बदल्यात पत्रं लिहून पाठवायची. म्हणजे वाचकांना हसवण्याचेच पैसे मिळत होते, हे विसरू नका.

इस्तंबूलच्या हमामचं, म्हणजे तुर्की स्नानगृहाचं, प्रकरण आधी वाचा. पुस्तकं वाचून त्याच्या डोक्यात अत्तरं, गालिचे, संगीत भरलेलं. प्रत्यक्षात पायात ढगळ लाकडी खडावा, खाली निसरडा संगमरवर आणि खरखरीत हातमोजा घेऊन घासणारा माणूस. अंगावरून मळाच्या शेवयांसारख्या वळ्या सुटायला लागतात! वर कॉफी येते, तर तिचा गाळ घशात अडकून हा तासभर खोकतो. (तळाचा गाळ प्यायचा नसतो, हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही.) खरा टोला बसतो तो आधीच्या प्रवासवर्णनकारांना.

इस्तंबूलच्या रस्त्यांवरची कुत्रीही अशीच डोळ्यांसमोर येतात. मेंढरांचा कळप अंगावरून पलीकडे जातो, तरी ती उठत नाहीत. पूर्वी एका सुलतानाने त्यांना हटवायला काढलं तेव्हा लोक खवळले होते, असंही तो सांगतो. पुढे १९१० मध्ये सरकारने हजारो कुत्री मार्मारा समुद्रातल्या एका ओसाड बेटावर नेऊन टाकली.

हागिया सोफिया या तिथल्या प्राचीन, तेव्हा मशीद असलेल्या वास्तूला मात्र तो गंजकं कोठार म्हणतो. बूट काढून मोज्यांवर हिंडावं लागलं, सर्दी झाली, आणि सगळा राग वास्तूवर निघाला!

सर्वांत जपून वाचायचा भाग पॅलेस्टाइनचा; तेव्हा तोही ऑटोमन मुलखातच होता. ‘ओसाड देश’ हे त्याचं वर्णन आजही इस्रायल-पॅलेस्टाइनच्या राजकारणात पुरावा म्हणून फेकलं जातं. पण तो तिथून गेला सप्टेंबरात, कोरडा उन्हाळा संपत असताना, पाऊस पडण्याआधी. आणि त्याच पुस्तकात नाब्लुसच्या खोऱ्यातली काळी कसदार जमीन, भरपूर पाणी, हिरवाई हेही आहे. ते वाक्य कुणी उद्धृत करताना मी पाहिलेलं नाही.

जाता जाता, जानेवारी १८९६ मध्ये हाच ट्वेन कर्ज फेडायला व्याख्यानं देत मुंबईत आला आणि इथल्या कावळ्यांवर मनापासून लिहून गेला. नजर तीच, इस्तंबूलच्या कुत्र्यांकडे पाहणारी. चिडचिड तेवढी कमी झालेली.