रिपोर्ट नॉर्मल असताना आयबीएस असू शकतो का? आणि तो कायमचा बरा होतो का, काय खावं?

कायमचा बरा म्हणाल तर माझा आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे वारंवार पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी करणारा आतड्याचा त्रास) बारा वर्षांत झालेला नाही. महिनोन् महिने गप्प असतो आणि ऑफिसात ऑडिट लागलं किंवा लग्नाची जेवणं सुरू झाली की परत डोकं वर काढतो. पण मी लिहायला बसले ते तुमच्या प्रश्नाखालच्या शेवटच्या ओळीमुळे. ‘घरचे म्हणतात सगळे मनाचे खेळ आहेत.’ हे मी माझ्या सख्ख्या ताईकडून इतक्यांदा ऐकलंय की आता चाल लावून म्हणू शकते.

भाचीचा, म्हणजे ताईच्याच मुलीचा साखरपुडा साताऱ्याला होता. डोंबिवलीहून पहाटे बस निघणार म्हणून आदल्या रात्री मी ताईकडे मुक्कामाला. ताईचं घर म्हणजे आरोग्य शिबिर. उठल्या उठल्या कोमट पाण्यात मध, अनशापोटी लसणाची पाकळी, मग मोड आलेल्या मटकीची उसळ आणि कणकेत वरून कोंडा मिसळलेल्या पोळ्या. ‘खा गं, पोट साफ होतं.’

झालं! खालापूरच्या फूड मॉलला बस थांबली तेव्हा मला काहीच नव्हतं. वीस मिनिटांनी घाटात अडकलो, पुढे कंटेनर बंद पडलेला, आणि बेंबीखाली ती ओळखीची कळ. ज्यांना आहे त्यांना सांगायला नको, ज्यांना नाही त्यांना सांगून कळत नाही. पैठणी नेसलेली, एसी चालू, आणि पाठीवरून घामाच्या धारा. शेवटी ड्रायव्हरला विनवून उतरले. कठड्यापाशी दोन मावश्यांनी आडोसा धरला, तोही कशाचा, तर व्याह्यांना द्यायला घेतलेल्या कोऱ्या सोलापुरी चादरीचा. बसमधल्या सगळ्यांनी त्या बाजूचे पडदे ओढून घेतले. (चादर पुन्हा घडी घालून व्याह्यांना दिली. कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. आता सांगितलं.)

एवढंही मी विसरले असते. पण हॉलवर पोचल्यावर ताईने विहीणबाईंना चहा देता देता सांगितलं, ‘हिला तसं काही नाही हो, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. मनाचं आहे जरा.’

तर ताई ऐक, आणि तुमच्या घरच्यांनाही वाचून दाखवा. कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या तपासणीत, मोठ्या आतड्याचं अस्तर दिसतं, आतडं वागतं कसं ते दिसत नाही. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून जास्त चेतापेशींचं स्वतंत्र जाळं असतं आणि त्याची मेंदूशी सतत देवाणघेवाण चालते. आयबीएसमध्ये ते हळवं होतं. तुम्हाला जाणवणारही नाही एवढा वायू मला कळ होऊन जाणवतो. माझं 2013 साली जुलाबाच्या साध्या इन्फेक्शननंतर सुरू झालं. जंतू गेले, आतडं मात्र चिडलेलंच राहिलं. असं पुष्कळांचं होतं. 2016 चे रोम निकष, म्हणजे पोटाच्या अशा आजारांसाठी तज्ज्ञांनी ठरवलेले आंतरराष्ट्रीय निकष, पाहा, निदान लक्षणांवरूनच करतात. सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेला त्रास, गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटदुखी, आणि तिचा संबंध शौचाला होण्याशी, किती वेळा होते त्याच्याशी किंवा घट्ट-पातळपणाशी, यातल्या दोन गोष्टींशी तरी. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे तपासणीत दुसरा आजार दिसला नाही, एवढंच.

ताईने पुढे माझ्या पर्समध्ये ॲमिट्रिप्टिलिनची पट्टी पाहिली. ‘डिप्रेशनची गोळी! बघ, मी म्हणतच होते.’ मला 10 मिलिग्रॅम दिली होती, डिप्रेशनला त्याच्या कितीतरी पट लागते. इंग्लंडमध्ये 463 रुग्णांवर केलेली चाचणी 2023 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली, तीत 10 ते 30 मिलिग्रॅमने औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा स्पष्ट फरक पडला. आणि समजा, मनाचा संबंध आहे. आहेच. म्हणून कळ खोटी ठरते का?

खाण्याचं. ताईची यादी उलटी वाचा. मध, लसूण, कडधान्यं, सफरचंद, वर कांदा, गहू, दूध, आंबा. यांतल्या काही साखरा लहान आतड्यात शोषल्या जात नाहीत, मोठ्या आतड्यात आंबतात. अशा साखरांना फॉडमॅप म्हणतात, आणि मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने यावरून त्या कमी असलेला लो फॉडमॅप आहार काढला. चार-सहा आठवडे हे सगळं बंद, मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा. मी मूर्खासारखी आठ महिने बंदच ठेवलं आणि हाडाची काडं झाली. भात, ज्वारीची भाकरी, गाजर, दुधी चालतं. लसणाशिवाय फोडणी म्हणजे फोडणी नव्हे असं वाटत असेल, तर पाकळ्या तेलात परतून काढून टाका. लसणातले त्रास देणारे फ्रुक्टन (त्याच साखरांचा एक प्रकार) पाण्यात विरघळतात, तेलात नाही. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो. कोंड्याऐवजी इसबगोल, थोड्यापासून सुरू करून.

हे सगळं माझ्या जुलाबवाल्या प्रकारचं. बद्धकोष्ठाचा प्रकार असेल तर माझी गोळी उलट त्रास देईल, डॉक्टरांना विचारा. शौचातून रक्त, वजन घटणं, झोपेतून उठवणारे जुलाब, हिमोग्लोबिन कमी किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास असेल तर आयबीएस म्हणून घरी बसू नका. आपल्याकडे आतड्याचा टीबीही असाच सुरू होऊ शकतो. आणि गहू सोडण्याआधी सिलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराची) रक्ततपासणी करा, सोडल्यावर केली तर ती फसवी नॉर्मल येऊ शकते. मी आधी सोडला, मग तपासणीसाठी सहा आठवडे रोज पोळ्या खाव्या लागल्या. ताईनेच पाठवल्या, कोंडा न घालता.