तुलनात्मक संविधान कायदा घ्यावा का? तक्ता पाठ करायचा असेल तर नको

तुमचा प्रश्न असा आहे: साताऱ्यात एलएलएमला (कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीला) आहात, ऐच्छिक विषय म्हणून तुलनात्मक संविधान कायदा घ्यावा का, दुसऱ्या देशांच्या घटना वाचून इथल्या कोर्टात काय उपयोग, आणि मराठी माध्यमातून शिकलेल्याला ते परदेशी निकाल झेपतील का.

घ्या. मी साताऱ्यातच वकिली करते आणि हाच विषय घेऊन एलएलएम केलं. शिकताना ज्याने मला सर्वात जास्त शिकवलं, तो प्रसंग आधी सांगते.

आमच्या नोट्समध्ये एक तक्ता होता. संसदीय पद्धत ब्रिटनकडून, मूलभूत हक्क अमेरिकेकडून, मार्गदर्शक तत्त्वं आयर्लंडकडून, समवर्ती सूची ऑस्ट्रेलियाकडून. शाळेच्या नागरिकशास्त्रापासून एमपीएससीच्या गाइडपर्यंत हाच तक्ता फिरत असतो. तोंडी परीक्षेत मी तो घडाघडा म्हटला. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी एवढंच विचारलं, "आयर्लंडचं कलम ४५ आणि आपलं कलम ३७ यांत फरक काय?" मला एक शब्द बोलता आला नाही. तोवर आयर्लंडची घटना मी उघडूनही पाहिली नव्हती.

त्या रात्री दोन्ही कलमं शेजारी ठेवून वाचली. दोन्ही कलमं मार्गदर्शक तत्त्वांबद्दल, म्हणजे राज्याने कोणतं धोरण ठेवावं हे सांगणाऱ्या तत्त्वांबद्दल आहेत. आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेत ही तत्त्वं फक्त संसदेच्या मार्गदर्शनासाठी आहेत. कायदे करताना संसदेनेच ती पाहायची, आणि कोणत्याही कोर्टाने त्यांची दखल घ्यायची नाही. आपल्याकडेही कोर्टामार्फत ती अमलात आणता येत नाहीत, हे खरं. पण कलम ३७ तिथे थांबत नाही. ही तत्त्वं देशाच्या कारभारात मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणं राज्याचं कर्तव्य आहे, असं ते पुढे सांगतं. आणि 'राज्य' म्हणजे नुसती संसद नव्हे, सरकारही आलं आणि जिल्हा परिषदही आली. या जास्तीच्या अर्ध्या वाक्याने पुढे मोठी वाट करून दिली. मोफत शिक्षणाचं तत्त्व आपल्या घटनेत मार्गदर्शक म्हणून होतं (तेही योगायोगाने कलम ४५ च, त्यामुळे गोंधळ होतो, नीट लक्षात ठेवा). १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या आधारे चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मानला, आणि २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१अ आलं. तक्त्यात या सगळ्याची एक ओळ होते: 'आयर्लंडकडून घेतले'.

तेव्हापासून मी प्रत्येक कलमाला एकच प्रश्न विचारते: हे लिहिणाऱ्यांना कशाची धास्ती होती?

जर्मनीचं उदाहरण घ्या. १९४९ च्या त्यांच्या घटनेत कलम ७९(३) आहे. माणसाची प्रतिष्ठा आणि लोकशाहीची मूळ तत्त्वं कितीही बहुमत असलं तरी दुरुस्तीने बदलता येणार नाहीत, असा त्याचा आशय. का? कारण मार्च १९३३ मध्ये त्यांच्याच संसदेने दोन तृतीयांश मतांनी हिटलरच्या हाती कायदे करण्याची सत्ता दिली होती. ते पोळलेले लोक होते. आता पुढचा प्रवास पाहा. डिट्रिश कॉनराड नावाचे जर्मन अभ्यासक १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यान देतात: घटनादुरुस्तीच्या अधिकाराला गर्भित मर्यादा असतात का? तो विचार नंबियार वकिलांच्या हाती पडतो, घटनादुरुस्तीच्या अधिकाराबद्दलच्या गोलकनाथ खटल्यात मांडला जातो, आणि २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींचं पीठ सात विरुद्ध सहा मतांनी मूलभूत चौकटीचा सिद्धान्त स्वीकारतं, म्हणजे घटनेची मूळ चौकट संसदेला दुरुस्तीनेही मोडता येणार नाही. न्या. खन्नांच्या निकालपत्रात कॉनराड यांचा उल्लेख आहे. आणि गंमत म्हणजे आपल्या घटनेत जर्मनीसारखं कलमच नाही! जे तिथे लिहून ठेवलं होतं ते इथे न्यायालयाने घटनेतून वाचून काढलं. १९८९ मध्ये बांगलादेशाने आपला सिद्धान्त उचलला. २०२२ मध्ये केनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो नाकारला. एकच कल्पना एका मातीत रुजते, दुसऱ्या मातीत रुजत नाही. हे का होतं ते शोधणं म्हणजे हा विषय.

तुम्ही साताऱ्यात आहात, तर तुलना शोधायला परदेशी जायचीही गरज नाही. रहिमतपूरच्या पुढे औंध आहे. तिथल्या संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी जानेवारी १९३९ मध्ये स्वराज्य घटना लागू केली. गांधीजींचा सल्ला होता, राजपुत्र अप्पा पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांची मेहनत होती. पाया गावाचा: गावाने पाच पंच निवडायचे, तिथून तालुक्याची समिती, आणि तिथून वर विधिमंडळ. राजाने स्वतःहून सत्ता खाली सोडली. माझं माहेर खटाव तालुक्यातलं. तरी एलएलएमला येईपर्यंत कोणत्याही वर्गात मला हे कोणी सांगितलं नव्हतं, याचं आजही वाईट वाटतं.

आता दुसरी बाजू. साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा प्रवेश झाला. त्यांनीच ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत स्पष्ट सांगितलं की मसुद्याने गाव हा घटक सोडून व्यक्ती हा घटक धरला याचा त्यांना आनंद आहे. ज्याला गावाने पाण्यालाही शिवू दिलं नाही, त्याची सुटका गावाच्या हातात कशी द्यायची? दोन्ही बाजू मन लावून वाचा. औंधची उदारता खरी आहे आणि बाबासाहेबांचा आक्षेपही खरा आहे. मी स्वतः आक्षेपाच्या बाजूने आहे, पण औंध वाचल्याशिवाय तो आक्षेप किती खोल आहे ते कळलं नसतं. पुढे १९९२ च्या ७३ व्या दुरुस्तीने पंचायती घटनेत आल्या, पण थेट मतदान आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांचं आरक्षण घेऊन. औंध १९३९ आणि ७३ वी दुरुस्ती: तुमच्या प्रबंधाला यापेक्षा जवळचा विषय मला सुचत नाही.

इंग्रजीचं म्हणाल, तर मीही मराठी माध्यमातलीच. पहिला परदेशी निकाल वाचला तो दक्षिण आफ्रिकेचा, १९९५ चा, 'मक्वान्याने' नावाच्या खटल्यातला, फाशी रद्द करणारा. झेरॉक्सचा गठ्ठा पाहूनच धडकी भरली होती. मी एक युक्ती केली: आधी शेवटचा आदेश वाचला, मग आपल्या बच्चनसिंग खटल्याची (ज्यात फाशी वैध ठरली) चर्चा जिथे आहे ते परिच्छेद. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. तिथले न्यायाधीश आपला १९८० चा निकाल आदराने वाचतात आणि मग सांगतात की भारताच्या कलम २१ मध्ये कायद्याने ठरलेल्या पद्धतीने जीव घेण्याला वाव आहे, आमच्या घटनेत जगण्याच्या हक्काला तशी अट नाही, म्हणून आम्ही त्या वाटेने जाणार नाही. तुलना कशी करावी याचा याहून चांगला धडा मला मिळालेला नाही. हे निकाल इंटरनेटवर फुकट आहेत, जर्मन न्यायालयाच्या निवडक निकालांची इंग्रजी भाषांतरंही आहेत. दहा देश धरू नका, एकच धरा.

कोर्टातल्या उपयोगाबद्दल खोटी आशा दाखवत नाही. परदेशी निकाल आपल्या कोणत्याच कोर्टावर बंधनकारक नसतो, आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर रिमांडच्या वेळी दक्षिण आफ्रिकेचं नाव काढून काही साधत नाही. मला फायदा झाला तो वाचण्याच्या सवयीत. कोणताही कायदा हातात आला की 'हाच शब्द का, दुसरा का नाही' हे आपोआप विचारलं जातं, आणि जामिनाच्या अर्जातसुद्धा एखाद्या शब्दावर उभं राहता येतं.

फॉर्म भरण्याआधी आज रात्री आयर्लंडचं कलम ४५ आणि आपलं ३७ शेजारी ठेवून वाचा, दहा मिनिटं लागतील. मी न सांगितलेला आणखी एक फरक त्यात आहे, सापडला तर खाली लिहा.