वाचायला सुरुवात कुठून करावी?

जाडजूड ऐतिहासिक कादंबरीने सुरुवात करू नका, बहुतेकांचं वाचन तिथेच अडतं. आधी दया पवारांचं ‘बलुतं’ घ्या. १९७८ साली आलेलं हे आत्मकथन आजही अंगावर येतं. लगेच पाठोपाठ लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचा. भाषा इतकी घरगुती आणि खेळकर, की त्या बाई समोर बसून बोलताहेत असं वाटतं! एकाच मराठीत किती वेगळी आयुष्यं मावतात, ते या दोन पुस्तकांत कळेल. मध्येच चवपालट म्हणून जयंत नारळीकरांची विज्ञानकथा किंवा नारायण धारपांची भयकथा.

दोन चुका टाळा:
- प्रदर्शनातून एकदम संच उचलणं. आधी वाचनालयाचे सभासद व्हा.
- गाजलंय म्हणून नावडतं पुस्तक रेटणं. पन्नास पानं द्या, नाहीतर खुशाल परत करा.

समीक्षा सध्या राहू द्या. पहिलं कोणतं घेतलंत, ते मात्र नक्की कळवा.