पार्टीसाठी सारण भरलेली गोड-खारट फळं: सोपी, आणि आधी करून ठेवता येतील अशी कोणती?

वीसेक पाहुणे, ओव्हन नाही, आदल्या दिवशी जमेल तेवढं उरकून ठेवायचंय, आणि मागच्या खेपेला भरलेल्या फळांना पाणी सुटून सगळं ताट चिकचिकीत झालं, असं तुम्ही लिहिलंय. आधी त्या पाण्याबद्दलच सांगते. ते कळलं की कोणतं फळ घ्यायचं आणि कधी भरायचं हे आपोआप ठरतं.

मीठ फळातलं पाणी ओढून बाहेर काढतं. चिरलेल्या काकडीला मीठ लावून ठेवल्यावर जे होतं, तेच पोखरलेल्या स्ट्रॉबेरीचं होतं. मी एकदा सकाळीच चाळीस स्ट्रॉबेरी पोखरून, त्यात खारट चीज भरून फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. संध्याकाळी झाकण काढलं तर चीज गुलाबी आणि पातळ झालेलं, प्रत्येकीच्या बुडाशी लाल पाण्याचं थारोळं. चव वाईट नव्हती, पण उचलायला गेलं की बोटांतून निसटत होत्या. तेव्हापासून मी फळांचे सरळ दोन गट करते. खजूर, सुकं जर्दाळू, सुकं अंजीर, सुका आलुबुखार यांच्यातलं पाणी आधीच गेलेलं असतं, ती आदल्या रात्री भरून ठेवली तरी चालतात. रसाळ ताज्या फळांना शेवटच्या तासातच हात लावायचा. तुमची मुख्य भिस्त पहिल्या गटावर ठेवा आणि ताज्यातलं एकच काहीतरी करा. पुढे जेवण असेल तर माणशी चार नग पुरतात, म्हणजे ऐंशी: चाळीस खजूर, वीस जर्दाळू, वीस स्ट्रॉबेरी. जेवण नसेल तर माणशी आठ-दहा धरा.

खजुराबद्दल सविस्तर लिहिते, कारण तेवढं एक चांगलं जमलं तरी पार्टी निभावून जाते. मोठा, गुबगुबीत, मऊ खजूर घ्या. मेजूल जातीचा मिळाला तर उत्तमच. एका बाजूने लांबीभर चीर द्या, पण आरपार नको, खालची बाजू बिजागरीसारखी जोडलेली राहू दे. बी काढा. बिनबियांचा म्हणून विकत आणलेला खजूरही उघडून बघाच. अधूनमधून एखादी बी राहून गेलेली असते, आणि पाहुण्याचा दात त्यावर पडायला नको. कधी आत काळी भुकटी किंवा कीडही निघते. तसला खजूर टाकून द्या आणि हिशेबापेक्षा पाच-सहा जास्तच आणा.

चाळीस खजुरांच्या सारणासाठी १७५ ग्रॅम क्रीम चीज आणि ७५ ग्रॅम फेटा (खारट ग्रीक चीज). क्रीम चीज अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. गार असताना घोटलं तर गुठळ्या राहतात. फेटा पाण्यातला असेल तर आधी कापडावर कोरडा करून घ्या, मग काट्याने कुस्करून क्रीम चीजमध्ये चांगला घोटा. त्यात अर्ध्या लिंबाची साल किसून घाला, फक्त पिवळा भाग, पांढरा कडू लागतो. वर ताजी मिरपूड. मीठ आत्ताच घालू नका, बहुतेक वेळा फेट्याचा खारटपणा पुरतो. फेटा मिळत नसेल तर नुसतं क्रीम चीज घ्या आणि चिमूट-चिमूट मीठ घालत चाखत जा. क्रीम चीजही नसेल तर दही फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये निथळवा. चक्का इतका घट्ट हवा की चमचा उलटा केला तरी पडू नये.

चाखण्याची मात्र एक रीत आहे. नुसतं सारण बोटावर घेऊन चाखलं की ते नेहमी जास्तच खारट वाटतं, आपण घाबरून हात आखडता घेतो आणि मग खजुराच्या गोडीपुढे ते बिचारं गप्प बसतं. म्हणून पहिला खजूर पूर्ण भरा, वर खोचायच्या भाजलेल्या बदामासकट खा आणि मगच मीठ वाढवायचं की नाही ते ठरवा. थोडं मीठ कडवटपणा दाबतं आणि त्यामुळे गोडी पुढे येते, पण खारटपणा जाणवेल एवढा तो घासात असायलाच हवा.

भरण्यासाठी पायपिंग बॅग नसली तरी अडत नाही. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सारण भरून एक कोपरा कापा, करंगळीच्या टोकाएवढा. खजुरात जेमतेम एक छोटा चमचा, म्हणजे सहाएक ग्रॅम, सारण मावतं. त्याहून जास्त भरलं की पहिल्याच घासाला बाहेर येतं. बदाम कोरड्या तव्यावर मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, सतत हलवत भाजा. आतून फिकट तपकिरी दिसले की लगेच ताटात काढा, तापलेल्या तव्यात राहिले तर पुढे भाजतच राहतात. बदाम पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरून ठेवा आणि खजुरात वाढायच्या आधीच खोचा. चीजमध्ये रात्रभर रुतून राहिलेला बदाम मऊ पडतो, आणि या खाण्यात कुरकुरीतपणा देणारं तेवढंच तर आहे.

वरचं मीठसुद्धा शेवटीच. जाडसर, पापुद्र्यांचं मीठ असेल तर प्रत्येकावर तीन-चार कण. ते कण जिभेला आधी लागतात, मागून गोडी येते, आणि त्यातच या पदार्थाची सगळी गंमत आहे. आदल्या रात्री भुरभुरलं तर ते विरघळून जातं.

ओव्हनशिवाय काहीतरी गरम हवं असेल तर हाच खजूर, पण न भरलेला, तव्यावर चमचाभर ऑलिव्ह ऑइलमध्ये मध्यम आचेवर प्रत्येक बाजूने मिनिटभर परता. साखरेमुळे तो झटकन करपतो, तिथून हलू नका. साल तकतकीत होऊन किंचित फुगली की काढा, वर मीठ टाका आणि गार चीज वेगळं वाटीत द्या. आतून तो फार तापलेला असतो, म्हणून दोन-तीन मिनिटं थांबून मगच फिरवा.

जर्दाळूचं काम सोपं आहे. अख्खं वाळवलेलं, बी काढलेलं घ्या. बी जिथून काढलेली असते तिथे फट असते, ती अंगठ्याने रुंद करायची की खिसा तयार. कडक असेल तर कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून अगदी कोरडं पुसा. त्याची आंबट-गोड चव चीजबरोबर छान जुळते. खजुराचंच सारण भरल्यावर उघडी बाजू खारवलेल्या पिस्त्याच्या भरडीत दाबा, तीही वाढतानाच.

आता स्ट्रॉबेरी. देठासकट धुवा, देठ काढून धुतली तर पाणी आत शिरतं. मग बारीक सुरीने देठाभोवती तिरपी फिरवून शंकूसारखा तुकडा काढा. टोक किंचित कापलं की ती ताटात उभी राहते. पोखरलेली बाजू खाली करून कागदी रुमालावर पंधरा मिनिटं पालथी ठेवा आणि आतून टिपून घ्या. ही पंधरा मिनिटं वाचवू नका. सारण तेच खजुराचं, फक्त मिरी थोडी जास्त. पाहुणे यायच्या आधी एका तासाच्या आत भरा. फळ निवडतानाच पूर्ण लाल बघून घ्या, कारण खुडल्यावर स्ट्रॉबेरी पिकत नाही. ताज्या अंजिराचंही तसंच आहे: दाबून मऊ लागेल तेच घ्यायचं. अंजिराला वरून फुलीसारखे दोन काप पाऊण खोलीपर्यंत देऊन बुडाशी चिमटलं की ते फुलासारखं उघडतं. त्यात चीज, अक्रोडाचा तुकडा आणि मधाचा थेंब पुरे.

ताजा अननस आणि किवी मात्र चीजबरोबर आधी भरून ठेवू नका. दोन्हींत प्रथिनं फोडणारी विकरं (एन्झाइम) असतात. दुधाच्या पदार्थाशी संपर्क आला की थोड्या वेळात सारण पातळ आणि कडू होतं. अननस हवाच असेल तर डब्यातला घ्या, प्रक्रियेतल्या उष्णतेने ते विकर निकामी झालेलं असतं. कलिंगड-खरबूजही भरण्यासाठी मी घेत नाही, ती भरायला घेतली की पाझरू लागतात. सफरचंद किंवा पेअर वापरणार असाल तर फोडी लिटरभर पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दहा मिनिटं बुडवा, मग धुऊन पुसा. काळ्या पडत नाहीत.

वेळेचं म्हणाल तर दोन दिवस आधी बदाम भाजणं, आदल्या संध्याकाळी सारण करून खजूर-जर्दाळू भरणं आणि हवाबंद डब्यात एकाच थरात फ्रिजमध्ये ठेवणं. वाढायच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढा. फार गार असताना गोडी कमी जाणवते आणि खजूरही कडक लागतो. पण चीज भरलेलं काहीही बाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, खोलीचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. म्हणून सगळं एकदम मांडू नका. अर्धं ताट बाहेर, अर्धं फ्रिजमध्ये, आणि लागेल तसं भरत जा.

पाहुण्यांना आधीच विचारून ठेवा, कुणाला बदाम, पिस्ते, अक्रोड यांची ॲलर्जी आहे का. असेल तर त्यांचे खजूर बदामांना हात लावायच्या आधी, स्वच्छ सुरीने भरून वेगळ्या डब्यात ठेवा. पक्के शाकाहारी कुणी असतील तर चीजच्या वेष्टनावर रेनेट (चीज करताना दूध गोठवणारं विकर) कुठलं आहे ते वाचा, काही चीजमध्ये ते प्राणिजन्य असतं. आणि लहान मुलं येणार असतील तर त्यांच्या खजुरात अख्ख्या बदामाऐवजी बारीक पूड घाला, अख्खा बदाम त्यांच्या घशात अडकू शकतो. तो डबा आदल्या रात्रीच वेगळा करा आणि वर चिठ्ठी लावा, ऐन गर्दीत लक्षात राहत नाही.