‘फ्रेंच कळतं, पण तोंडच उघडत नाही’

‘शिक्षण इंग्रजीतून आहे असं सांगितलं होतं, म्हणून मुलीला फ्रान्सला पाठवलं. आता ती म्हणते, फ्रेंचशिवाय इथे पान हलत नाही आणि फ्रेंच तर मला जमतच नाही. परत बोलावून घेऊ का?’

समुपदेशक म्हणून ही विचारणा माझ्याकडे आता वारंवार होते. २०३० पर्यंत भारतातले ३०,००० विद्यार्थी फ्रान्समध्ये यावेत, असं राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलं होतं. इंग्रजीतून चालणारे मास्टर्सचे अभ्यासक्रम पाहून अनेक मुलं जातात. वर्ग इंग्रजीत चालतो हे खरंच, पण घरभाडं, दवाखाना, बँक आणि मधल्या सुट्टीतल्या गप्पा फ्रेंचमध्येच चालतात.

एका मुलीची हकिगत सांगते. तिची परवानगी आहे. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

मुलगी पुण्याची. अकरावी-बारावीला तिने फ्रेंच घेतलं होतं आणि गुणही भरघोस मिळवले होते. त्यामुळे ग्रनोब्लला मास्टर्ससाठी जाताना भाषेची काळजी घरात कोणालाच नव्हती. तिच्या आईने मला फोन केला तेव्हा ती तिथे जाऊन सहा महिने होत आले होते. इथे रात्रीचे साडेनऊ, तिथे संध्याकाळचे पाच, अशा वेळी आम्ही व्हिडिओ कॉलवर भेटायला लागलो. सुरुवातीला ती फक्त एवढंच म्हणायची, ‘मॅडम, मी मठ्ठ आहे. बाकीच्यांना येतं, मला येत नाही.’

हळूहळू खरं काय ते बाहेर आलं. ऐन जानेवारीत तिच्या खोलीतला हीटर बंद पडला होता. आल्प्सच्या पायथ्याचं गाव, रात्री पारा शून्याखाली. तिने मेल केली, तर उत्तर आलं, फोन करा. फोन करायचा धीर होईना, म्हणून ती जाकीट घालून झोपत राहिली. शेवटी एकदाचा फोन लावला. पलीकडच्या बाईंनी दुरुस्तीवाल्याचा नंबर सांगायला सुरुवात केली. तिथे फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोडीने सांगतात. अठ्ठ्याहत्तर म्हणजे ‘स्वासाँत-दिझ-ह्युइत’, साठ आणि अठरा. ‘स्वासाँत’ कानावर पडताच हिने ६ लिहिला, मागून अठरा आले, ते खोडून ७ करेपर्यंत पुढची जोडी निघून गेली. त्यानंतर आला ब्याण्णव, म्हणजे चार-वीस-बारा, चार विसा आणि वर बारा. तिथे तिने ४ लिहिला आणि पेन थांबलं. ‘पुन्हा सांगता का?’ एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी ती ‘मेर्सी’, म्हणजे धन्यवाद, म्हणाली आणि फोन ठेवून रडत बसली.

आकडे चुकले याचं मला काहीच वाटलं नाही. नव्याने फ्रेंच शिकणारे भले भले तिथे अडखळतात. माझं लक्ष गेलं ते त्या ‘मेर्सी’कडे. पावाच्या दुकानात बोट दाखवायचं, गटातल्या चर्चेत मान डोलवायची, कोणी हसलं की आपणही हसायचं. ती सगळीकडे अशीच वेळ मारून नेत होती. वेळ मारून नेली की त्या क्षणी सुटका होते, म्हणूनच ती सवय इतकी घट्ट बसते. पुढच्या वेळी भीती मात्र आणखी वाढलेली असते.

तिच्या दुःखाचा आणखी एक पदर होता. इकडे ती वक्तृत्वाची बक्षिसं आणणारी, वर्गात हजरजबाबी म्हणून ओळखली जाणारी. तिकडे चार शब्दांसाठी तिला चाचपडावं लागत होतं. ‘इथे मी कोण आहे हे कोणालाच माहीत नाही,’ असं ती म्हणाली, तेव्हा मी तिला थोपवलं नाही. हे दुःख खरं आहे. ‘अगं, बोलत राहा, आपोआप येईल’ असं म्हणून ते झटकून टाकू नये, असं मी पालकांनाही सांगते.

मग आम्ही हिशोब मांडला. सर्वसाधारण अंदाज असा, की ए-२ पातळीला, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरत्या फ्रेंचला, दीडशे-दोनशे तासांचा अभ्यास लागतो आणि बी-२ला, म्हणजे बऱ्यापैकी सहज संवादाला, पाचशे-सहाशे. ती फ्रान्समधले महिने मोजत होती. त्या महिन्यांत प्रत्यक्ष फ्रेंच बोलण्यात किती वेळ गेला, हे लिहून काढल्यावर ती स्वतःच गप्प झाली. बारावीचं फ्रेंच बहुतांशी लेखी होतं. कान आणि जीभ कोऱ्याच राहिल्या होत्या.

पुढच्या पायऱ्या मुद्दाम लहान ठेवल्या. दुकानात शिरताना ‘बाँझूर’, म्हणजे नमस्कार, म्हणायचंच. तिथे ते न म्हणणं उद्धटपणाचं समजतात, आणि संकोचामुळे ही मुलगी नेमकं तेच गाळत होती. पाव घेताना बोट न दाखवता पूर्ण वाक्य बोलायचं. समोरच्याने इंग्रजी सुरू केलं, तरी आपलं वाक्य फ्रेंचमध्येच संपवायचं. ‘जरा सावकाश बोलाल का?’ हे फ्रेंच वाक्य तर तिने माझ्यासमोर इतक्या वेळा म्हटलं, की मलाही पाठ झालं. आकड्यांसाठी रोज मैत्रिणीकडून नंबर सांगून घ्यायचे आणि पूर्ण जोडी ऐकून झाल्याशिवाय पेन टेकवायचं नाही. फोन सगळ्यात शेवटी, कारण तिथे समोरच्याचा चेहरा दिसत नाही.

तिला कोणीतरी सल्ला दिला होता, भारतीय मुलांपासून दूर राहा म्हणजे फ्रेंच येईल. मला हा सल्ला मुळीच पटत नाही. दिवसभर कानकोंडं होऊन राहिलेल्या मुलीला रात्री वरणभात आणि मराठीतून चार गप्पा मिळायलाच हव्यात. त्यात तिने फक्त एक भर घातली, विद्यापीठाच्या बॅडमिंटन गटात नाव नोंदवलं. खेळताना वाक्यं तोकडी असतात, चूक झाली तरी शटल पुढे गेलेलं असतं. तिची भीड तिथेच चेपली.

तिची झोप आणि जेवण ठीक होतं, ती वर्गही बुडवत नव्हती, म्हणून एवढ्यावर भागलं. दोन आठवड्यांहून जास्त काळ मूल खोलीतून बाहेर पडत नसेल, तर प्रश्न भाषेपुरता राहिलेला नसतो. तिथल्या विद्यार्थ्यांना ‘साँते प्सी एत्युदियाँ’ योजनेतून मानसशास्त्रज्ञांबरोबर वर्षाला १२ सत्रं मोफत मिळतात. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर ३११४ हा क्रमांक तिथे चोवीस तास चालू असतो. मुलं घरी सांगत नाहीत, म्हणून हे पालकांनाही माहीत असावं. आणि रोजच्या फोनवर ‘आलं का फ्रेंच?’ हे विचारणं तेवढं थांबवावं. तिच्या बाबांनी ते थांबवलं आणि ती घरी मोकळेपणाने बोलू लागली.

परत येण्याचा विषय मागे पडला. इंटर्नशिपच्या, म्हणजे तिकडच्या ‘स्ताज’च्या मुलाखतीत सुरुवातीची ओळख तिने फ्रेंचमध्ये करून दिली, पुढचं तांत्रिक बोलणं इंग्रजीत झालं आणि निवडही झाली. आता अडचण आहे ती दुपारच्या जेवणाच्या टेबलाची. सात-आठ जण एकाच वेळी बोलतात, विनोद करतात, आणि तिला त्यातलं निम्मंही कळत नाही. शेजारी बसलेल्या एका सहकाऱ्याला ‘आत्ता काय झालं?’ असं विचारायचं, हे तिने या आठवड्यासाठी ठरवलं आहे.