वर्गासोबत कामिनो: माझी गट्टी जमेल का?

प्रश्न: ताई, मी नागपूरची. सध्या स्पेनमध्ये सालामांकाला एम.ए. करतेय. परीक्षा संपल्यावर, जूनमध्ये, आमचा वर्ग लिओनहून सांतियागो दे कोम्पोस्तेलापर्यंत कामिनो, म्हणजे यात्रेकरूंची जुनी पायवाट, चालणार आहे. अंतर 300 किलोमीटरच्या वर, म्हणजे दोन आठवडे. वर्गात मी एकटीच भारतीय. बाकी बहुतेक स्पॅनिश, काही इटालियन आणि दोन कोरियन मुली. माझं स्पॅनिश लेक्चरपुरतं ठीक आहे, पण ही मंडळी एकत्र जमून भराभर बोलायला लागली की मला निम्मंच कळतं आणि मी गप्प बसते. वर्षभर हेच चाललंय. त्यात मी शाकाहारी (अंडं खाते), दारू पीत नाही आणि चालायलाही हळू. दिवसभर मी एकटी मागे, संध्याकाळी सगळे बारमध्ये आणि मी खोलीत, असंच होईल असं वाटतं. जाऊ की नको?
— एक विद्यार्थिनी, सालामांका

उत्तर: जा. नक्की जा. मी पुण्यात बरीच वर्षं स्पॅनिश शिकवलं, आणि विद्यार्थ्यांबरोबर ही वाट चाललेय, म्हणून इतकं ठामपणे सांगते.

तुझी अडचण होते ती दहा जण एकदम बोलतात तेव्हा. कामिनोवर दहा जण एकत्र चालूच शकत नाहीत. सकाळी सातला एकत्र निघालेला गट तासाभरात दोघं-तिघं असा विखुरतो, कारण प्रत्येकाची चाल वेगळी. आपल्या वारीत दिंडी एका तालावर, ओळीने चालते. ते डोक्यात ठेवून गेलीस तर पहिल्याच दिवशी हिरमोड होईल. इथे विखुरणं हीच रीत आहे, कोणी तुला टाकून गेलं असं त्यात काही नसतं. शेजारी एकच माणूस असला की तो तुझ्याशी तुझ्या वेगाने बोलतो. नजरेला नजर द्यावी लागत नाही, दोघांचंही लक्ष वाटेवर असतं, शब्द अडला तर दहा पावलं शांततेत गेली तरी चालतं. वर्गात वर्षभर तोंड न उघडलेल्या मुली या वाटेवर घरच्या भांडणांपर्यंत बोलताना मी पाहिल्या आहेत. तेव्हा सगळ्या गटाशी मैत्री करायची असं मनात घेऊ नकोस. रोज सकाळी एकाच कोणाच्या तरी बरोबर निघ, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या.

लिओनमधून बाहेर पडण्याचा पहिला टप्पा मात्र रुक्ष आहे. उपनगरं, गोदामं, मग हमरस्त्याची कड. ट्रकच्या आवाजात काय बोलणार? ला विर्हेन देल कामिनोच्या पुढे वाट फुटते. तिथून व्हियार दे मासारिफेवरून जाणारा शेतांमधला रस्ता घेऊ या, असं तूच आधी गटात सुचव. थोडा लांब पडतो, पण शांत आहे. दोन्ही वाटा ओस्पिताल दे ओर्बिगोच्या त्या लांबलचक जुन्या दगडी पुलापाशी पुन्हा एक होतात. नकाशा बघून ठेवलेल्या मुलीकडे लोक आपोआप येतात, हा माझा अनुभव आहे.

आता हळू चालण्याबद्दल. कामिनोवर हळू चालणाऱ्याचं महत्त्व चौथ्या-पाचव्या दिवसापासून वाढतं, कारण तोवर जोरात चालणाऱ्यांचे पाय गेलेले असतात. राबानालहून चढून क्रुस दे फेर्रो, म्हणजे साधारण 1500 मीटरवरचा लोखंडी क्रूस, ओलांडला की मोलिनासेकापर्यंत सुट्या दगडांचा उभा उतार आहे. आमच्या एका तुकडीतला सगळ्यात दणकट मुलगा, रोज पहिला पोचणारा, त्या उतारावर गुडघा धरून बसला. मागून येणाऱ्या दोन मुली थांबल्या. एकीने आपल्या काठ्या त्याला दिल्या, दुसरीने त्याच्या सॅकमधली पाण्याची बाटली आणि जड जॅकेट स्वतःच्या सॅकमध्ये घातलं. मग तिघं नागमोडी, आडवी पावलं टाकत उतरले. एल आसेबोला पोचायला त्यांना किती वेळ लागला कोण जाणे, पण त्या दिवसानंतर तो मुलगा पुढे पळाला नाही. त्या दोघींचं स्पॅनिश तुझ्यापेक्षाही कच्चं होतं.

म्हणून सॅकच्या वरच्या कप्प्यात चिकटपट्टी, छोटी कात्री आणि गुडघ्याचा पट्टा ठेव. टाचेला चुरचुरायला लागलं की फोड यायच्या आधीच बूट काढून पट्टी लावायची, हे स्वतः कर आणि दुसऱ्यालाही करायला लाव. सॅकचं ओझं स्वतःच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत. गटात एवढं ठरवून घ्या, की पुढच्या ठरलेल्या गावातल्या पहिल्या बारमध्ये सगळ्यांनी शेवटच्या माणसासाठी थांबायचं. तो पोचला की लगेच उठायचं नाही, त्यालाही बसू द्यायचं. हे शेवटचं फार जण विसरतात आणि मागचा बिचारा दिवसभर विश्रांतीशिवाय चालतो.

बारचं तुला दडपण आलंय, पण वर्षभर स्पेनमध्ये राहिलीस, तुलाही माहीत आहे की खेड्यातला बार म्हणजे आजोबांचा पत्त्यांचा अड्डा आणि शाळकरी पोरांचं कोला काओ, म्हणजे चॉकलेटचं दूध, पिण्याचं ठिकाण. कॉफी घे, नाहीतर मोस्तो घे, द्राक्षाचा रस. ग्लासात काय आहे ते कोणी बघत नाही. खुर्ची रिकामी दिसते ती मात्र सगळ्यांना दिसते.

जेवणाचं जरा सविस्तर सांगते, कारण खरी गट्टी तिथेच जमते. यात्रेकरूंच्या ठरीव थाळीत शाकाहारी फार काही नसतं. बटाट्याचं तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट, तुला चालेल. सॅलडमध्ये बहुधा टुना असतो, आणि गालिसियातल्या, म्हणजे सांतियागो ज्या प्रांतात आहे तिथल्या, काल्दो सूपात बटाटे आणि पालेभाजी दिसली तरी त्यात बरेचदा डुकराचं मांस किंवा चरबी असते. नुसतं ‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हणून भागत नाही; हॅम नको, टुना नको, असं नाव घेऊन सांग. पण त्यापेक्षा स्वयंपाक कर. आल्बेर्गेमध्ये, म्हणजे यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या जागी, अनेकदा सामायिक स्वयंपाकघर असतं. घरून हळद, तिखट आणि गोडा मसाला यांच्या छोट्या पुड्या ने. शिजवलेल्या काबुली चण्यांची बरणी स्पेनमध्ये कुठल्याही किराणा दुकानात मिळते. कांदा, टोमॅटो, लसूण परतून त्यात ते चणे टाकलेस की अर्ध्या तासात सगळ्यांपुरती उसळ होते. फक्त एकटीने रांधून वाढू नकोस. एकाला कांदा चिरायला बसव, एकाला पाव आणायला पाठव, भांडी कोरियन मुलींबरोबर घास. हातात काम असलं की बोलण्यासाठी विषय शोधावा लागत नाही. हे सगळं गालिसियाच्या वेशीवरच्या ओ सेब्रेइरोच्या आधी, आस्तोर्गा किंवा पोन्फेर्रादापर्यंत उरकून घे. पुढे गालिसियातल्या सरकारी आल्बेर्गेत शेगडी असते, पण पुष्कळ ठिकाणी पातेलंसुद्धा नसतं!

कपड्यांचंही तसंच. चौघांचे कपडे एका मशीनमध्ये, नाणी वाटून. वाळत घालताना कोणाचा मोजा कुठला यावरून जो गोंधळ होतो तो मला फार आवडतो.

क्रुस दे फेर्रोला लोक घरून आणलेला दगड ठेवतात. तूही सालामांकाहून एक ने. पण कोणालाही त्याच्या दगडाबद्दल विचारू नकोस. ज्याला सांगायचं असेल तो पुढे आपणहून सांगतो.

माणसं एकमेकांवर चिडतात ती मोठ्या कारणांवरून नाही. खोलीत वीस-तीस जण झोपलेले असतात, दिवे दहाला बंद होतात, आणि पहाटे पाचला कोणीतरी प्लॅस्टिकच्या पिशव्या चुरचुरवत सॅक भरतो. तू सॅक रात्रीच भर, कापडी पिशव्या वापर, कानात घालायचे बोळे जवळ ठेव. आणि मनाविरुद्ध हसत राहू नकोस. एखादा दिवस एकटीने चालावंसं वाटलं तर सकाळी सरळ सांग, ‘आज मी एकटी चालते, दुपारी भेटू.’ या वाटेवर ते कोणाला लागत नाही. न सांगता गायब झालीस तर मात्र लागतं.

सार्रियापासून एक नवी अडचण. सांतियागो तिथून सुमारे 115 किलोमीटर. यात्रा पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी पायी किमान 100 किलोमीटर लागतात, म्हणून असंख्य लोक तिथूनच सुरुवात करतात. 2024 मध्ये जवळजवळ 5 लाख लोकांनी हे प्रमाणपत्र घेतलं, यावरून जूनमधल्या गर्दीची कल्पना कर. सरकारी आल्बेर्गेत आगाऊ नोंदणी होत नाही, जो आधी येईल त्याला पलंग. मग गटातले दोघं पलंग पकडायला पहाटे धावत सुटतात, मागच्यांना जागा मिळत नाही आणि दहा दिवसांत जमलेलं सगळं दोन दिवसांत विस्कटतं. पोर्तोमारिनपासून पुढचे मुक्काम खाजगी आल्बेर्गेत आताच नोंदवून टाका. चार पैसे जास्त जातील, जाऊ देत. हे काम तू अंगावर घे. फोनवर बोलायला लागेल, तेवढा सरावही होईल.

आणि सांतियागोहून परतीची गाडी पोचण्याच्या दिवशीची काढू नका. शेवटच्या डोंगरावर, मोंते दो गोसोला, सगळ्यांची वाट पाहून उरलेले पाचेक किलोमीटर एकत्र चाला. प्रमाणपत्राच्या कार्यालयात वेळ जातो, कोणाला कॅथीड्रलमध्ये बसायचं असतं, कोणाला नुसतं चौकात दगडी फरशीवर आडवं पडायचं असतं. एक रात्र तिथे राहा. तिकिटं अजून काढली नसतील तर आजच वर्गात हे बोल.